गरम बंद, थंड चालू

हेडाऊ मिस्त्रीच्या वहीत माझ्या जिप्सीपुढे
चार शब्द : गरम बंद, थंड चालू.
खाली तीन तारखा, तिन्ही वेळा एकच शेरा :
"चक्कर मारली. काही नाही."

काही नाहीच निघायचं.
तो चक्कर मारायचा सकाळी आठला,
दिघोरी चौकापर्यंत,
आणि गाडी अशी चालायची
की मलाच वाटायचं, मी तिच्याबद्दल चुगल्या करतेय.

अठ्ठ्याण्णवची. जंगलखात्याच्या लिलावातून उचललेली.
मागच्या बाकावर कुणीतरी खिळ्यानं कोरलंय
"वाघ नाही दिसला".
उमरेड रोडवर दुपारी एकच्या पुढे
एक ठसका, मग दुसरा,
मग नुसतं स्टिअरिंग हातात.
वीस मिनिटं सावलीत ठेवली की परत सुरू,
मधे काही झालंच नव्हतं जसं.
या रोगापायी झाडं पाठ झाली :
विहीरगावची चिंच, पाचगावचा कडुनिंब,
आणि एक बाभूळ,
जिच्याखालच्या ठिपक्यांना सावली म्हणायचं
तर मन मोठं पाहिजे.

कॉइल बदलली. प्लग बदलले.
भाचा म्हणाला पेट्रोलची वाफ होते,
म्हणून पंपाला ओलं गोणपाट बांधलं.
गोणपाट वाळलं.
गाडी बंद पडली.

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी मी म्हटलं,
आज एक वाजता. तुम्ही आणि मी.
त्यानं डोक्याला दुपट्टा गुंडाळला,
खिशात एक कांदा टाकला,
एक माझ्या हातावर ठेवला.

पाचगावच्या अलीकडे ठसका.
दुसरा.
मिस्त्री हसला,
उधारी बुडवून पळालेला माणूस
बाजारात समोरून यावा, तसा.
"आता सापडली. आता हलवू नका इले."

बॉनेटला हात लावायला फडकं दुहेरी करावं लागलं.
कार्बोरेटरच्या काचेत पेट्रोल, बरोबर मध्यावर.
"वाफ-बिफ काही नाही बाप्पा."
प्लग काढून ब्लॉकला टेकवला,
उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणून
दुपट्ट्याचा अंधार केला, आत डोकं घातलं.
"मारा सेल्फ."
मारला.
"अजून."
अंधारात नुसता अंधार.

मग बाटलीतलं आमचं शेवटचं पाणी
त्यानं डिस्ट्रिब्युटरच्या कुशीतल्या काळ्या डबीवर
थेंब थेंब सोडलं,
तान्ह्याच्या टाळूवर तेल सोडतात तसं.
चर्र.
"मारा."
सुरू!

मला वाटलं, झालं.
"कायचं झालं? पाणी टाकलं, त्यात टाइमबी गेला.
डबी निवली का सारी गाडीच निवली,
मले कसं समजन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला
शेजारच्या पार्लरमधून बारापात्रे ताईंचा
गुलाबी हेअर ड्रायर आला, वायर खिडकीतून.
इंजिन गार, नुकतंच सुरू केलेलं.
झोत फक्त डबीवर. बाकी कशालाच नाही.
एक मिनिट. दोन.
ताई कंगवा घेऊन दारात उभ्या.
कोणी बोललं नाही.
चौथ्या मिनिटाला ठसका,
भर गारव्यात, शेडखाली, त्याच्या डोळ्यांदेखत.

वही काढून मिस्त्रीनं
तिन्ही "काही नाही"वर रेघ मारली.
पट्टी लावून.

नवी डबी कुठेच मिळाली नाही.
कामठी रोडच्या भंगारातली एक बसवली, चालतेय.
जुनी त्यानं करवतीनं कापून दाखवली :
आतल्या टाक्याला केसाएवढी भेग.
तापली की उघडते, निवली की मिटते.
कुणाला दाखवायला न्या,
मिटलेलीच.

ड्रायरला पेट्रोलचा वास लागला.
ताई कुरकुरल्या, आज नवरीचे केस आहेत,
चालतो ना नीट, बघा एकदा.
मिस्त्री हात पुसत म्हणाला,
"आता काय बघता? दुपारी बघा ना.
सकाळी तं सारंच चालते."