आगाऊ क्षमा

ते राहायला आले त्या शनिवारी
आधी दार वाजलं, मग ट्रक आला.
कुराता, त्यांची बायको चिझुरु,
आणि तिच्या कोटामागे अर्धा लपलेला मुलगा.
हातात घडीचा टॉवेल, त्याला कागदाची पट्टी.
"आज आवाज होईल. क्षमा असावी."
मी दारात, हात कणकेचे.
आवाज झालाच नाही.
त्यांचा सोफा जिन्यावरून मांजरासारखा गेला.

आमच्याकडे तेव्हा कुकरची चौथी शिट्टी
आणि मिक्सरात शेंगदाणे.
अकरा वर्षं झाली होती नोव्हायमध्ये,
कुणाची क्षमा मागावी असं सुचलं नव्हतं.

मिशिगनचा बर्फ कुणाला विचारून पडत नाही.
पहाटे चिझुरु फावडं घेऊन बाहेर.
स्वतःची वाट साफ,
आणि आमच्या बाजूची एक हात.
एकच हात. मी खिडकीतून मोजली.
नवऱ्याला म्हटलं, काय हिशेबी माणसं,
वाकलीच होती तर सगळी काढायची!
पुढे कधीतरी तिनं सांगितलं, शब्द शोधत:
सगळी काढली तर तुम्हाला फेडावी लागेल.
एक हात विसरता येतो.

हे मी मंडळाच्या संक्रांतीत सांगितलं,
"जपानी ना, असे असतात" अशी सुरुवात करून.
आवडलं लोकांना. मग मी सुटलेच:
चपला दाराकडे तोंड करून ठेवतात,
'जरा अवघड आहे' म्हणजे 'नाही'.
(आपलं 'बघू' तेच, पण ते कुणी बोललं नाही.)

चिझुरुला माशाचा वास सहन होत नाही,
नाकाला रुमाल बांधून तळते नवऱ्यासाठी,
हे मी सांगितलं नाही.
इकडेतिकडे बघून पुठ्ठे भलत्याच डब्यात टाकते.
आणि शाळेची बस चुकली तेव्हा
स्लीपरवर धावत तिनं जी आरोळी ठोकली,
ती टॉवेलवाल्या बाईशी मला जुळवता येईना.
तेही गाळलं. गोष्ट बिघडते.

मी डब्यातून शंकरपाळे दिले.
डबा परत आला, आत तीन संत्री.
रिकामं भांडं परत करू नये, मी म्हटलं, आमच्यातही.
काहीच नसलं तर आमच्यात काडेपेटी ठेवत, ती म्हणाली.
आमच्यात चिमूटभर साखर.
मग तो डबा थांबेचना.
चकल्या गेल्या, तांदळाच्या खारट चकत्या आल्या,
लाडू, लोणचं, पुन्हा संत्री, दोन वर्षं.
थांबवणार कोण?
दोघींनाही ते जरा अवघड होतं.

फेब्रुवारीत, डबा हातात देताना, ती म्हणाली,
आई गेली. परवा.
म्हणताना हसत होती,
बारीक, पाहुण्यापुढे चहा ठेवताना हसतात तसं.
मी गडबडले. बोलायचं ते इंग्रजीत सापडेना,
सापडलं ते तिला कळणारं नव्हतं.
चहा घेणार? मी विचारलं.
नको, तुम्हाला त्रास.
त्या रात्री भिंतीपलीकडे नळ वाहत होता, कितीतरी वेळ.
तिघांची भांडी एवढी नसतात.
हे मी कुठल्याच संक्रांतीत सांगितलेलं नाही.

मार्चात कंपनीनं त्यांना परत बोलावलं. नऊ दिवसांत.
आदल्या संध्याकाळी दार वाजलं,
"उद्या आवाज होईल. क्षमा असावी."
तेव्हाही झाला नाही.
मी उठून कान लावून बसले होते, तरी.

घाईत डबा तिकडेच गेला.
स्टीलचा, झाकणावर सासूबाईंचं नाव टोचलेलं,
हमामात्सूच्या कुठल्याशा ओट्यावर
कुणालाही न वाचता येणारं.
रिकामा नसेल, एवढं मी पैजेवर सांगते.

आता पलीकडे ओहायोचा ब्रेंट आलाय, कुत्र्यासकट.
दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याचं दार वाजवलं.
हातात नवा टॉवेल, घडी घातलेला.
"उद्या माणसं येतील. आवाज होईल."
मान आपोआप थोडी वाकली, माझी मलाच कळली.
त्यानं टॉवेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
खिसे चाचपत विचारलं,
"कितीला?"