माझा वाटा

बाबांनी आजही माझा वाटा आणला.
चिठ्ठीवर घरातली डोकी: पाच.
चार वर्षं झाली, मी त्यातलं काही तोंडात घातलेलं नाही,
तरी त्रोंदूरच्या घरात माणसं पाचच.
निळ्या टबात काळं मांस, पांढरी जाड चरबी,
टबाच्या काठावर रक्ताचा अंगठा,
बाबांचा की देवमाशाचा
ते त्यांनाही सांगता येणार नाही.

फॅरोच्या या टोकाला झाड नाही.
मेंढ्या आहेत, धुकं आहे,
बटाटे येतात, तेही सुपारीएवढे.
आजोबा म्हणायचे, समुद्र देतो तेव्हा मोजून देत नाही,
मोजायचं काम आपलं.
म्हणून विधवेला वाटा, पाद्र्याला वाटा,
कमरेइतक्या पाण्यात उतरला त्याला,
आणि काठावर खोकत बसला त्यालाही.

पारा मी एकदाच पाहिला, शाळेत.
तापमापी फुटली आणि तो टेबलावर सांडला.
बोट लावलं की दोन, दोनाचे सात,
चिमटीत काही येईना.
इतकं सुंदर काही आमच्या वर्गात त्याआधी आलं नव्हतं.

तो इथला नाही.
आमच्याकडे धुराडं नाही, खाण नाही.
लांब कुठंतरी कुणीतरी कोळसा जाळतं,
वारा उत्तरेला वळतो, पाऊस खाली उतरवतो.
मग डोळ्यांना न दिसणारं काही त्याला गिळतं,
त्याला झिंगा, झिंग्याला मासा,
माशाला माकूळ, माकुळाला देवमासा,
आणि देवमाशाला आम्ही.
दर तोंडागणिक वाढत येतो.
आमच्यापुढं ताट नाही.

माझ्या जन्माच्या रात्री आर्म्गार्द सुईणीनं
नाळ कापली, नाळेतलं रक्त नळीत भरलं,
बर्फात घालून सकाळच्या बोटीनं पाठवलं.
काही देशांत म्हणे नाळ अंगणात पुरतात,
माणूस मग कुठंही गेला तरी तिकडंच ओढला जातो.
माझी कुठल्याशा फडताळात आहे, नंबराखाली.
मी कुठं ओढली जाऊ?

सात वर्षांची असताना एका बाईंनी चित्रं दाखवली.
उंट सांगितला. अननस सांगितला,
दोन्ही कधी न बघता.
मग नांगर. बोटीचा.
आमच्या दारापुढं गंजत पडलेला,
ज्यावर बसून मी रोज बूट घालायचे.
शब्द आला नाही.
जिभेपर्यंत आला आणि तिथंच बसून राहिला.
बाई हसल्या, असू दे म्हणाल्या,
आणि कागदावर काहीतरी लिहिलं.
ते पाऱ्यानं झालं, की त्यांच्या चष्म्याला बुजल्यानं,
मी नंतर विचारलं होतं.
आकडे हजार मुलांचे असतात, म्हणाले,
एकीचे नसतात.

आता मला दिवस गेलेत. पाचवा लागला.
दवाखान्यानं मानेजवळची बट मागितली.
केस महिन्याला बोटाच्या नखाएवढा वाढतो,
त्यात लिहिलेलं असतं काय खाल्लं, कधी खाल्लं.
आई कात्री घेऊन मागं उभी राहिली.
बराच वेळ उभी राहिली.
मग म्हणाली, तुझ्या वेळी मी पोटभर खाल्लं.
आर्म्गार्दच सांगायची, खा गं, बाळाला रक्त लागतं.
ताटात दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

काय बोलणार.
मी म्हटलं, काप ना, मान अवघडली.

रात्री वाऱ्याच्या खोलीत गेले.
फटींच्या भिंती, आत माणसांसारखे लटकलेले तुकडे.
माझा वाटा बाबांनी वेगळा टांगलाय, दाराजवळ.
खा म्हणत नाहीत. नको असंही नाही.
ब्रेस्तिरनं एकदा विचारलं होतं, घेताच कशाला तिचा?
म्हणाले, घेतला नाही तर नाव जातं.

आणि त्याच्या शेजारी, कोऱ्या खिळ्यावर,
सहावा आकडा.
रिकामा.
वाऱ्यानं जरा जरा वाजतो.