हाक मारलीत कुठून

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
माझी एक फाईल हरवली.
हरवली म्हणजे, मीच लिहिली, मीच सेव्ह केली,
एडिटरनं तळाशी बारीक अक्षरांत 'लिहिलं' असंही कळवलं,
आणि फोल्डर उघडून बघते तर
कालच्याच चार फायली, तोंड पाडून.

घरतांना बोलावलं.
विश्राम घरत सर्व्हरच्या खोलीत बसतात,
एसीमुळे बारा महिने अंगात स्वेटर.
स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
"मॅडम, एडिटरला हाक मारलीत कुठून?"

मला वाटलं, चेष्टा.

"खालच्या पट्टीतल्या चित्रावर टिचकी मारलीत ना?
मग तो तुमच्या कामाच्या फोल्डरात जागाच झाला नाही.
काळ्या खिडकीतून बोलावला असतात
तर तुम्ही जिथं उभ्या, तिथंच तोही उभा राहिला असता.
फाईल राहते कुठं, हे तो विचारत नाही.
हाक कुठून आली, तेवढं धरून बसतो."

फाईल सापडली.
होम नावाच्या फोल्डरात,
महावितरणचं बिल आणि मुदत संपलेला भाडेकरार
यांच्या मधोमध, अंग चोरून.

त्यांनी चलनाच्या पाठीवर पेनानं टिंब काढलं.
"एक टिंब म्हणजे इथं.
दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर."
आणि इथं म्हणजे कुठं?
"तेच तर," म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

मग कळलं, अशीही सोय असते:
जी फाईल उघडाल, तिच्या घरी
एडिटर बिऱ्हाड घेऊन जातो.
लावून द्या की, म्हटलं.
"लावली होती मी एकदा.
सकाळी बरोबर असलेल्या वाटा
दुपारी खोट्या निघायला लागल्या.
काढून टाकली."

मी काही बोलले नाही.
कोपरखैरणे, ऐरोली, पुन्हा कोपरखैरणे, आता घणसोली,
दर वेळी अकरा महिने.
आधारवर अजून चाळीसगाव.
रात्री आईला फोनवर सांगते, घरी पोचले,
तर ती विचारते, कुठल्या?

संध्याकाळी सगळे उठल्यावर काळी खिडकी उघडली.
घरतांनी शिकवलेली तीन अक्षरं टाईप केली,
पीडब्ल्यूडी. रस्ते बांधणारं खातं नव्हे,
हे फक्त विचारतं: आत्ता कुठं?
उत्तर लगेच आलं.
मुळाच्या तिरक्या रेघेपासून एकेक पायरी उतरत
थेट माझ्या फोल्डरापर्यंत,
मध्ये कुठं 'म्हणजे', 'तसं बघितलं तर' नाही.
मी ती ओळ दोनदा वाचली. मग खिडकी बंद केली.

लिफ्टपाशी घरत फोनवर होते. कुरिअरवाला.
गोठिवली गावठाणात त्यांचं घर,
तिथं घरांचे नंबर रस्त्याच्या क्रमानं नाहीत,
ज्या क्रमानं भाऊ वेगळे झाले, त्या क्रमानं आहेत.
त्यामुळे ते पत्ता सांगतच नव्हते.
"ते राहू दे. आधी सांग, तू उभा कुठं आहेस?
तळ्यापाशी? तळं कुठल्या हाताला?
मागं काय दिसतं? नाही, तुझ्या मागं."

लिफ्ट आली, गेली.

"बरं," घरत म्हणाले, "हलू नको तिथून.
मीच येतो."