ज्योत जड आहे

बुटीबोरी. नवतपातला चौथा दिवस.
पेटी शिवणयंत्राएवढी,
आत केसासारखी बारीक नळी, वेटोळं घालून.
हेलियमची बाटली जीपमध्ये मांडीवर धरून आणली,
लोणच्याच्या बरणीसारखी, उभी.

यंत्राला पन्नास अंशांपर्यंत चालतं
असं पुस्तिकेत आहे. माझ्याबद्दल काही लिहिलेलं नाही.
तोंडावरचा दुपट्टा सोडते, ओला करते,
दोन खुर्च्यांवर ताणून पेटीला सावली करते.

तितरमारे बघत उभे.
बत्तीस वर्षं भट्टीवर. कोळसा पाहिला, तेल पाहिलं,
आता हा टँकरनं येणारा गोठवलेला वायू.
"बाई, याच्यात दिसते काय?"
थांबा चार मिनिटं.

आधी ओळखीचा वायू, प्रमाणपत्रासकट.
मग तुमचा.
सगळे एकदमच सुटतात नळीत:
मिथेन पुढे, इथेन मागून, प्रोपेन रेंगाळत,
आणि ब्युटेन, पंगती उठल्यावर
मांडवात शिरणाऱ्या मामासारखा.
पडद्यावर एक सुळका, मग टेकडी,
मग नुसता उंचवटा, नजर लावली तर.

घनमीटरला चाळीस पॉइंट सहा मेगाज्यूल.
टँकरच्या कागदावर अडतीस पॉइंट चार.

पुन्हा चालवते.
चाळीस पॉइंट सहा.

तितरमारे भट्टीच्या काचेला डोळा लावतात.
"सोमवारपासून सांगून राह्यलो ना मी,
ज्योत जड आहे. पिवळी शेंडी काढते.
आठ दिवस टाकीत पडून होता माल,
हलकं उडालं, भारी तेवढं खाली राह्यलं.
साहेब म्हणते, आकडा दाखवा.
आता माह्या डोळ्याले कुठून आणू आकडा?"

कोपऱ्यात अकराशे कप, कडा करपलेले.
त्यांचे पैसे या महिन्यात
तितरमारेंच्या पगारातून.

अहवालात तारखेचा रकाना आहे, तापमानाचा, दाबाचा.
खाली दोन ओळी मोकळ्या: इतर निरीक्षण.
लिहिते:
वायू जड झाल्याचं प्रथम सोमवारी आढळलं.
उपकरण: डोळा.
निरीक्षक: श्री. ना. तितरमारे.
सही करते. शिक्का उमटत नाही,
शाई वाळलेली. फुंकर घालून, दाबून, पुन्हा.

ते काही बोलत नाहीत.
चहा येतो, करपलेल्या कपात.
ओठाला कड खरखरीत लागते.
"फुटत नाही पण," ते म्हणतात, "जास्तच पक्का भाजला."

दुपट्टा केव्हाच वाळून कडक झाला आहे.