चाळीस अंश

सकाळी साडेसहाला मी गरम कुंडावरचं झाकण ओढते.
हवा उणे नऊ. पाणी चाळीस.
फ्योर्डवर अजून रात्रच आहे,
डिसेंबरात ती अकरापर्यंत जागची हलत नाही.

मग एकेक डोकं येतं.
आधी आउसगेर, निवृत्त पोस्टमन, लोकरी टोपीसकट.
सोलरून, दातांची डॉक्टर.
थोरगेर्दूर, जिला गुडघ्यांपायी चार पायऱ्या उतरायला
एका सिनेमाएवढा वेळ लागतो, असं तीच म्हणते.
केटिल शेवटी. तो कोपऱ्यात, नळाजवळ.

गळ्यापर्यंत पाण्यात सगळे.
वाफेत नुसती तोंडं दिसतात,
म्हणजे इथं जो तो क्लोज-अपमध्येच बोलतो.

गावात थिएटर एक, पडदा एक,
शुक्रवारी बदलणारा सिनेमा एक.

"पहिला अर्धा तास कापून टाकायला हवा होता,"
आउसगेर म्हणतो, जो पहिला अर्धा तास
तिकीटखिडकीशी गप्पा मारत उभा होता.
"तुला काय कळणार, तू आत होतास कुठे?"
"म्हणूनच सांगतो. माझं काही अडलं नाही."

सोलरूनला नायकाचे दात पटले नाहीत.
साल बावन्न, खारवलेल्या कॉडवर जगणारा माणूस,
आणि हसला की संगमरवर!
तिथून पुढे तिला काही म्हणजे काही खरं वाटलं नाही,
वादळसुद्धा.

थोरगेर्दूर रडली. न लाजता सांगते.
कुठल्या प्रसंगाला, तर म्हणे मध्यंतराला.
"दिवे लागले आणि शेजारची खुर्ची रिकामी.
चार वर्षं झाली, मी अजून पॉपकॉर्नचे दोन डबे घेते."
कुणी काही बोलत नाही.
मग आउसगेर हळूच विचारतो, "दुसऱ्याचं काय करतेस?"
"खाते."

मी काठावर, हातात क्लोरीन मोजायची नळी.
संध्याकाळची पाळीही माझीच, दुसरं माणूस मिळत नाही,
त्यामुळे सहा वर्षांत मी जे सिनेमे पाहिले
ते यांच्या तोंडून.
तरी विचारा, मला सगळे पाठ आहेत.

"होडी छान होती," केटिल म्हणाला.
त्याचं मत नेहमी एका वाक्यात संपतं. या वेळी संपलं नाही.
"लाल. पुढं पांढरा पट्टा.
पट्ट्याखाली दोन फळ्या नव्या, रंग द्यायच्या राहिलेल्या."

वाद झाला नाही.
ज्या कुंडात आज वार कुठला यावरही वाद होतो, तिथं.
आउसगेरनं टोपी कानांवर ओढली.
सोलरून बोटांच्या सुरकुत्या बघत बसली.

गुरुवारी पंप बिघडला, तलाव बंद,
आणि मी शेवटचा खेळ गाठला.

होडी निळी होती.
पहिल्या दृश्यापासून बुडेपर्यंत निळी.
मी पांढरा पट्टा शोधत राहिले, नव्या फळ्या शोधत राहिले,
त्या नादात नायिका कधी गाव सोडून गेली
मला कळलंही नाही.

परतताना बंदराच्या दगडाशी थांबले,
समुद्रातून न आलेल्यांची नावं आहेत तिथं.
हातमोज्यानं बर्फ पुसला.
केटिलच्या बापाचं नाव सापडलं,
दुसऱ्याच एका मुलाच्या नावामागे लावलेलं.
वय एकोणीस.

शुक्रवारी चारही डोकी माझ्याकडे वळली.
"पाहिलास म्हणे! मग?"
मी म्हटलं, सुरुवात लांबली. दात फारच पांढरे.
सोलरूननं पाण्यावर थाप मारली, "बघा!"

"आणि होडी?" केटिल.

मी झाकणाची दोरी गुंडाळत होते.
गाठ सुटली होती, ती परत बांधली.
"लाल," म्हटलं. "दोन फळ्या मात्र रंगवायच्या राहिल्यात."

तो जरासा खाली सरकला, हनुवटी बुडेपर्यंत,
आणि डोळे मिटून घेतले.

पंप अजून धड चालत नव्हता, पाणी एकोणचाळीसवर आलेलं.
सोलरून म्हणाली, गार आहे.
आउसगेर म्हणाला, छे.