खाली कोण उतरलं

बाबा तो दगड जेवणाच्या डब्यातून घेऊन आले.
तोणाकाचा वास लागलेला, वीतभर लांब,
एका कडेला चार उंचवटे, पाचवा मोडका.
"जबडा आहे," म्हणाले,
आणि बूट न काढताच बसले
डिचोलीच्या आमच्या त्या स्वयंपाकघरात
जिथे मीठसुद्धा तांबूस असायचं.

मिनेझिस साहेबांनी भिंग लावून पाहिला.
हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं.
"पुरसो, हे लोखंड. पाणी मुरत जातं
तसतसं ते मनाला येईल तो आकार धरतं.
आपला खडक फार म्हातारा.
तो झाला तेव्हा जगात कुणाला दात नव्हते,
हाडसुद्धा नव्हतं.
चावायचं कुणी, आणि कुणाला?"

बाबांनी दगड परत डब्यात ठेवला.
त्या पावसाळ्यात तो आमच्या मागच्या दाराला
टेकण म्हणून होता.

पुढे मी पणजीला शिकायला गेले
आणि एका जाड पुस्तकात खरा जबडा भेटला.
इंग्लंडातला, छपराचे दगड काढायच्या खाणीतला,
दोनशे वर्षांपूर्वी बारसं झालेला:
मेगॅलोसॉरस, म्हणजे मोठा सरडा.
सुरीसारखा एक दात, मागे वाकलेला,
धारेला करवतीचे बारीक काकर,
आणि आत, हाडाच्या खाचेत,
त्याच्या जागी येणारा दुसरा
आधीच उभा.
त्याच्याही कितीतरी आधी तिथे
मांडीच्या हाडाचं टोक निघालं होतं.
हत्तीचं असेल म्हणाले. मग म्हणाले, नाही,
राक्षसाचं, पण माणसातल्याच.
ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला आपण
घरातल्याच कुणाचे तरी कपडे घालतो.

शनिवारी घरी येऊन हे सगळं सांगितलं.
बाबांनी चित्र उजेडाकडे धरलं,
नखाने त्या दातावरून खालीवर गेले.
"कोणाक मेळ्ळो?"
मी प्राध्यापकाचं नाव वाचून दाखवलं.
"तो सकयल देंवल्लो?"

तो खाली उतरला होता का.

पुस्तक पुन्हा चाळलं.
पुस्तकात होतं की दगड हिवाळाभर उघड्यावर मांडत,
ओले ठेवत,
आतलं पाणी गोठून फुगलं की पापुद्रे सुटत.
पुस्तकात जबड्याची लांबी होती.
पण तो कुणाच्या मेणबत्तीपुढे आला,
कुणाची पाठ त्या बुटक्या भुयारात धनुष्य झाली होती,
वर आणून त्याने तो किती नाण्यांना विकला,
की एक रात्र घरी ठेवून
बायकोला म्हणाला, जबडा आहे बघ,
यावर एक ओळ नाही.
तळटीपही नाही.

खाण आता बंद आहे. खड्ड्यात हिरवं पाणी,
त्यावर बगळे.
बाबांच्या छातीत मात्र ती अजून चालू आहे,
पहाटे तीनच्या सुमाराला ऐकू येते.

मी शाळेत शिकवते. प्रयोगशाळेच्या कपाटात
दुसऱ्या फळीवर तो दगड, शेजारी माझ्या अक्षरातली चिठ्ठी:
लोहखनिज. जबडा नव्हे.
कोणाला मिळाला: पुरसो मळीक, ड्रिलर.
स्वतः खाली उतरले होते.

परवा सातवीतल्या रोझालिनाने काचेला नाक लावून विचारलं,
"टीचर, जबडा नव्हे तर कपाटात कशाला?"

प्रश्न बरोबर आहे.
कपाटाची चावी माझ्याकडे आहे.