तिसऱ्या परिच्छेदातलं शिसं

पहाटेचे पाच चाळीस. बाहेर उणे सव्वीस.
मी, लोर्ना पुट्सेल, शाळा-जिल्ह्याची जनसंपर्क अधिकारी,
लेटरहेडवर "प्रिय पालक" एवढंच लिहून बसले आहे.
प्रिय हा शब्द अजून कुणी खोडलेला नाही.

अधीक्षक हापाला म्हणतात,
शिसं पहिल्या ओळीत नको, लोक घाबरतील,
तिसऱ्या परिच्छेदात जाऊ दे,
तिथवर निम्मे वाचतच नाहीत.
डुलूथहून वकीलबाई फोनवर.
त्यांनी "माफ करा" काढून "खेद" ठेवला,
मग खेदही काढला. खेद महाग पडतो, म्हणाल्या.
ऑक्टोबरच्या जागी "अलीकडे".

अकरा वर्षं करतेय हे काम.
बर्फामुळे सुट्टी, मैदानात शिरलेलं अस्वल,
घसरून खड्ड्यात गेलेली बस,
सगळ्याचे नमुने आहेत माझ्या फायलीत,
रिकाम्या जागा सोडलेले:
इथे तारीख, इथे शाळेचं नाव.
याला सारवासारव म्हणू नका.
सारवायला निदान जमीन तरी आपली लागते.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं लोक म्हणतात,
तेव्हा ते पाण्याबद्दल बोलत नसतात.
आमच्याकडे पाण्याबद्दलच आहे.
खाणी भरात होत्या तेव्हाचे पाइप,
तेव्हाचेच सांधे,
आणि पहिलीच्या वर्गाबाहेरचा नळ, ज्याचं पाणी
सगळ्यात गार, म्हणून मुलं तिथेच रांग लावतात.

शिसपेन्सिलीत शिसं नसतं,
हे आम्ही मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगतो.
चावलीत तरी घाबरू नका.

काल संध्याकाळी वेंडेल टॉफ्टेला कुणीतरी सांगितलं.
सफाई कामगार, साठी उलटलेला.
त्याने कुणालाच विचारलं नाही.
नळावर कचऱ्याची काळी पिशवी ओढली,
चिकटपट्टीचे सात-आठ वेढे,
आणि पुठ्ठ्यावर मार्करने:
पिऊ नका. शिसं आहे. वेंडेल.

अधिकृत निवेदनाआधी ते काढ, असं मला सांगितलं गेलं.
मी गेले. एक कोपरा नखाने उचकटला.
कॉरिडॉरमध्ये हीटरची घरघर, बाकी काही नाही.
मग तो कोपरा अंगठ्याने दाबून परत बसवला
आणि गाडीत येऊन बराच वेळ
काच साफ होण्याची वाट बघत राहिले.

संध्याकाळी जिममध्ये घडीच्या खुर्च्या.
वर हॉकीच्या विजयाचे बॅनर, खाली जाड कोट घातलेली माणसं.
हापालांनी निवेदन वाचलं. चांगलं वाचलं.
ते स्वतः याच शाळेत शिकले,
याच नळाला तोंड लावून वाढले, हे मात्र वाचलं नाही.
ते मी लिहिलंच नव्हतं.

ट्रूडी कांगास उठली, कडेवर झोपलेलं पोर.
"अलीकडे म्हणजे कधी?"
हापालांनी कागद उलटला. मागे कोरा होता.
माइक माझ्याकडे आला, कसा ते आठवत नाही.
खिशात फोन थरथरत होता, वकीलबाईंचाच असणार.
मी म्हणाले, अकरा ऑक्टोबर.

कुणी ओरडलं नाही.
मी ओरडण्यासाठी तयारी केली होती,
ओरडणाऱ्यांना काय सांगायचं याचा नमुना आहे माझ्याकडे.
ट्रूडी फक्त बोटांवर मोजू लागली,
नोव्हेंबर, डिसेंबर,
आणि पोराचं डोकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

सगळे गेल्यावर खुर्च्या मिटायला वेंडेल होता.
मी हाताखाली लागले.
तो बोलला नाही, मीही नाही.
दाराशी त्याने ते लाकडी स्टूल उचललं,
पहिलीतल्या मुलांचे हात नळापर्यंत पोचावेत
म्हणून त्याने स्वतःच बनवलेलं,
कडा घासून गुळगुळीत केलेलं, पायांना रबर लावलेलं.
काखेत धरून
तो पार्किंगमध्ये गेला,
ट्रकच्या मागे ठेवलं,
आणि पुढे बसून
इंजिन सुरू न करता
नुसता बसून राहिला.